ट्रॅक्टर तापून बंद पडला: गॅस्केट घ्यायला जाण्याआधी काय काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरजवळ हातोदच्या बाजूला शेती, २२ एचपीचा दोन सिलिंडरचा, पाण्याने थंड होणारा ट्रॅक्टर. सोयाबीन काढून झालं आणि बटाट्याचं रान तयार करायला पाच फुटी रोटाव्हेटर लावला. ऑक्टोबरची दुपार. काटा लाल पट्ट्यात गेला, झाकणातून पाणी उडालं, आणि इंजिन दम टाकत बंद पडलं. काकांनी विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. संध्याकाळी इंजिन सुरू झालं, पण आधी पांढरा धूर, मग रेडिएटरमध्ये बुडबुडे. तासाभरात पाणी अर्धं संपलं आणि डिपस्टिकवर तेल नेहमीच्या खुणेपेक्षा वर दिसतंय. एक मिस्त्री म्हणतो गॅस्केट टाका, थर्मोस्टॅट काढून फेका, चालू करा. दुसरा म्हणतो फुल इंजिन, म्हणजे क्रँकसकट सगळं उघडून दुरुस्त, करावं लागेल. कोणाचं ऐकायचं?

तूर्त दोघांचंही नाही. इंजिन उघडलेलं नाही, एकही माप घेतलेलं नाही, आणि दोघांनी निकाल देऊन टाकला. तुमच्या वर्णनावरून हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय हे मी जवळपास खात्रीने म्हणेन. पण गॅस्केट हा शेवटचा बळी आहे. इंजिन कशाने तापलं आणि तापल्यामुळे आणखी काय वाकलं, या दोन गोष्टी न शोधता नवं गॅस्केट बसवलं तर ते गव्हाच्या पेरणीपर्यंतही टिकायचं नाही. फुल इंजिनचा सल्लाही तितकाच घाईचा वाटतो. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, काही झालं नसेल तर तो बाहेर काढून ग्राइंड करण्यात तुमचा पैसा जाईल आणि चांगला जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) उगाच एक साइज खाली जाईल.

पहिलं काम म्हणजे आता ट्रॅक्टर अजिबात सुरू करायचा नाही. ‘बघू या किती वेळ चालतो’ हा मोह आवरा. तेल वर आलंय म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, काहीतरी उतरलंय. ते पाणी असेल किंवा डिझेल. डिझेल असेल तर तेल पातळ होतं, वास येतो, आणि दोष पंपाकडे किंवा नोझलकडे शोधावा लागतो. पाणी असेल तर तेल फिकट, फेसाळ दिसतं. मात्र थोडंसंच उतरलं असेल तर रंग लगेच बदलत नाही. त्यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवा, सकाळी चेंबरचा नट पूर्ण न काढता नुसता ढिला करा आणि खाली काचेची बाटली धरा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे असेल तर आधी तेच बाहेर येतं. दुसरी चाचणी: लोखंडी पत्रा चांगला तापवा आणि डिपस्टिकचा एक थेंब त्यावर सोडा. तडतडला तर पाणी आहे, नुसता धुरावला तर नाही. घरातला पोळ्यांचा तवा मात्र नेऊ नका, तेलाचा वास महिनाभर जात नाही.

पाणी निघालं तर ते तेल लगेच पूर्ण काढून टाका. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगांवर जितके दिवस बसेल तितकं त्यांना गंजवतं.

दुसरी काळजी सेल्फची. गॅस्केट फुटलं असेल तर उभ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी हळूहळू सिलिंडरमध्ये झिरपतं आणि पिस्टनच्या डोक्यावर साचतं. पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम गॅस्केटवर भागलं असतं ते खरोखरच फुल इंजिनवर जातं. म्हणून आधी डिझेल फवारणारे दोन्ही नोझल काढा, क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. नोझलच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली तर कोणत्या सिलिंडरमध्ये गळती आहे तेही कळलं. तोंड त्या भोकांवर आणू नका.

बुडबुड्यांचं म्हणाल तर त्यांचे दोन प्रकार असतात. नुकतं पाणी भरल्यावर अडकलेली हवा निघते, ते बुडबुडे थोड्या वेळात थांबतात. गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू येत असेल तर थंड इंजिन सुरू केल्या केल्या एकसारखे बुडबुडे येतात, रेस केल्यावर वाढतात, आणि इंजिन गरम व्हायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक होतो. खात्री करायची झाल्यास फॅनबेल्ट काढून फक्त मिनिटभर इंजिन चालवतात. पंप फिरत नाही, पाणी स्थिर राहतं, तरी बुडबुडे आले तर शंका उरत नाही. पण तुमच्या बाबतीत तेल वर आलंय, म्हणून ही चाचणी सोडून द्या. त्याऐवजी कॉम्प्रेसरची हवा वापरा. एक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर आणायचा, गिअर टाकून ब्रेक लावायचा, नोझलच्या भोकात अडॅप्टर बसवून ५-६ बारची हवा सोडायची आणि कान द्यायचा. रेडिएटरमध्ये गुडगुड झालं तर गॅस्केट किंवा हेडची चीर. तेल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर पिस्टनच्या रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडून आली तर इनटेक. हे काम कॉम्प्रेसर असलेल्या कुठल्याही गॅरेजात होतं. हेड उघडायच्या आधी रिंगांची स्थिती इथेच निम्मी कळते, आणि हाफ (क्रँक न काढता केलेलं इंजिन) की फुल या वादात बोलायला काहीतरी हातात येतं.

आता कारणाकडे. डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला लागते, एक तृतीयांश धुराड्यातून जाते आणि उरलेली पाणी आणि तेलावाटे बाहेर टाकावी लागते. म्हणजे ट्रॅक्टर जितकी ताकद रोटाव्हेटरला देतो जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरला सतत फेकावी लागते. तिथे थोडी अडचण आली की काटा चढतो.

आपल्या माळव्यात ऑक्टोबरमध्ये ही अडचण ठरलेली आहे. त्याआधी पंधरा दिवस तोच ट्रॅक्टर सोयाबीनच्या थ्रेशरला जोडून एका जागी उभा असतो. भुसा उडतो, पंखा तो आत ओढतो आणि पुढच्या जाळीतून सुटलेला बारीक भुसा रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसतो. त्यावर तेलाचा ओलावा आणि काळ्या मातीची धूळ चढली की थर तयार होतो. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. खरं बघायचं तर जाळी काढा आणि रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या बाजूला दिवा धरून पुढून बघा. उजेड जिथे दिसत नाही तिथून हवाही जात नाही. साफ करताना हवा पंख्याच्या बाजूने बाहेर, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट मारायची. पुढून मारली तर भुसा आणखी आत ठासला जातो. गाडी धुण्याचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पत्रे वाकतात.

त्याच वेळी पंख्याभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कवच जागेवर आहे का पाहा. दुरुस्तीत काढलं आणि परत बसवलंच नाही असे ट्रॅक्टर मी गावोगाव बघतो. कवच नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची गरम हवाच घुसळत बसतो. बेल्ट अंगठ्याने मध्यावर दाबला तर साधारण १०-१२ मिलिमीटर दबावा. जास्त दबला, आतल्या कडा चकाकत असल्या, तर बेल्ट घसरत होता असं समजा.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी बघतच नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग आणि रबर नीट असेल तर आत दाब धरला जातो, अगदी कुकरसारखा, आणि ०.९ बारचं झाकण असेल तर तेच पाणी ११५ अंशांच्याही पुढे जाईपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं की ही सगळी सवलत गेली. पाणी वाफ होऊन जातं, इंजिनात वाफेचे कप्पे होतात, आणि वाफ पाण्यासारखी उष्णता ओढून नेऊ शकत नाही. आणखी एक फसवी गोष्ट: पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. चालवणाऱ्याला वाटतं इंजिन थंड झालं. काटा लालवरून अचानक खाली आला तर ती आनंदाची बातमी नसते. नवं झाकण घेताना जुन्यावर कोरलेला आकडा बघून तोच घ्या. जास्त दाबाचं टाकलं तर जुना रेडिएटर सांध्यातून सुटतो.

थर्मोस्टॅट फेकण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्याचं काम इंजिन थंड ठेवणं नसून योग्य तापमानावर ठेवणं आहे. तो काढला की हिवाळ्यात इंजिन कधीच पुरेसं तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं, तेल काळं आणि पातळ होतं, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) लवकर झिजतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो नसेल तर अर्धं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं आणि ट्रॅक्टर उलट जास्त तापतो. तपासायचा असेल तर दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, बरोबर थर्मामीटर ठेवा, गॅसवर तापवा. उघडायला लागण्याचा आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, बहुतेक वेळा ८२ अंशांच्या जवळ. उघडला नाही किंवा अर्धवट उघडला तर बदला. वस्तू स्वस्त आहे.

पाण्याचा पंप हाताने हलवून बघा, शाफ्टला खेळ नको. खालच्या छोट्या भोकातून पाण्याचा ओघळ वाळलेला दिसला तर आतलं सील गेलंय. खालचा होज मऊ पडला असेल तर रेस केल्यावर पंपाच्या ओढीने आत चपटा होतो. उभ्या ट्रॅक्टरवर, आयडलला तो ठीकच दिसतो. हे सगळं नीट निघालं आणि तरी कारण सापडलं नाही तर पंपाचं टायमिंग तपासून घ्या. डिझेल उशिरा पडत असेल तर ते जळत जळत एक्झॉस्टमध्ये जातं, हेड आणि धुराडं दोन्ही तापतात, ताकदही मिळत नाही.

हेड उघडताना घाई नको. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे आदल्या दिवशीपासून बंद. गरम हेडचे नट सोडले तर ते वाकतं. नट बाहेरून मधल्याकडे, दोन-तीन टप्प्यांत ढिले करायचे. पुशरॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. हेड निघालं की लगेच गॅस्केट फाडून फेकू नका. ते उजेडात धरा. सिलिंडरच्या कडीपासून पाण्याच्या भोकाकडे जाणारी काळी, जळकी रेघ सापडेल. तीच गळतीची वाट. ती कुठे आहे यावर पुढची सगळी तपासणी ठरते. दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर असेल तर हेड वाकल्याची शंका घ्या. एकाच बाजूला, एका स्टडजवळ असेल तर तो स्टड ढिला किंवा ताणलेला. गॅस्केट अख्खं आणि स्वच्छ निघालं, तर दोष लायनरच्या खालच्या रबरी रिंगेत किंवा हेडच्या चिरेत आहे.

हेडचा फेस, म्हणजे गॅस्केटवर बसणारा सपाट भाग, घासून स्वच्छ करा, पण एमरी पेपर आणि ग्राइंडर नको. त्याची भुकटी तेलाच्या वाटेत गेली तर बेअरिंगला पुरते. सरळ पट्टी, म्हणजे खरी मशीनच्या शॉपमधली, शाळेतली नव्हे, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवा आणि खाली फीलर (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) सरकवून बघा. एवढ्या लहान हेडला ०.०५ मिलिमीटरची पाती जात नसेल तर उत्तम. ०.१० ची जात असेल तर फेस मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून, घ्यावा लागेल. सांवेर रोडच्या बाजूला हे काम करणारी वर्कशॉप आहेत. तिथे सांगा की कमीत कमी काढा. जास्त काढलं तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि नोझलचं टोकही जास्त बाहेर निघतं. ब्लॉकचा वरचा फेसही याच पट्टीने बघायचा, तो बहुतेक जण विसरतात.

गरम इंजिनात थंड पाणी पडलंय म्हणून चिरेसाठी हेड तपासायलाच हवं. चीर पहिल्यांदा दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीवर किंवा व्हॉल्व्हपासून नोझलच्या भोकाकडे येते आणि साध्या डोळ्यांना केसासारखी दिसते किंवा दिसतही नाही. लाल डाय मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारला की चिरेतून लाल रेघ वर उमटते. पाण्याच्या भोकांना पट्ट्या लावून हवेच्या दाबाने, कोमट पाण्यात बुडवून बघणं त्याहून खात्रीचं. बिडाच्या हेडला वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. लहान ट्रॅक्टरला मी ते सुचवत नाही. आधी सगळं तापवून, निकेलची काडी वापरून, सावकाश थंड करून केलेलं वेल्डिंग टिकतं, पण तसं करणारे थोडे आणि तेवढ्या खटाटोपात हेडच बदललेलं बरं.

आता ज्याच्यामुळे नवी गॅस्केटं सर्वात जास्त उडतात तिकडे येतो: लायनर ब्लॉकच्या फेसपेक्षा किती वर आहे. तुमच्या इंजिनात ओले लायनर (ज्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं ते) असतील तर वरची कडा ब्लॉकच्या वर किंचित डोकावली पाहिजे, पुष्कळ इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. हेड आवळल्यावर गॅस्केटची कडी याच कडेवर दाबली जाते. लायनर खाली बसला असेल तर कितीही टॉर्क द्या, तिथे दाब येतच नाही. इंजिन तापतं तेव्हा लायनरखालचा काठ दबतो, कधी तिथे गंज आणि चुना साचून तो वाकडा बसतो. डायल गेज ब्लॉकवर ठेवून शून्य करा आणि प्रत्येक लायनर चार ठिकाणी मोजा. चारही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, आणि शेजारच्या दोन लायनरमधला फरकही नगण्य हवा. कमी असेल तर लायनर काढून खालचा काठ साफ करून योग्य जाडीचा शिम (पातळ पत्र्याची कडी) टाकतात. एक खबरदारी: हेड निघाल्यावर क्रँक फिरवायचा असेल तर आधी लायनर पट्टी आणि नटांनी दाबून धरा. नाहीतर वर येणारा पिस्टन लायनरला उचलतो, खालची रबरी रिंग सुटते आणि गळती नव्हती तिथेही होते. तुमच्या चेंबरमध्ये पाणी उतरलं असेल तर तशीही ही रिंग माझ्या संशयितांत आहे. इंजिन तापल्यावर रबर कडक होऊन चिरतं. लायनर काढलाच तर नवी रिंग, आणि बसवताना साबणाचं पाणी किंवा पुस्तकात सांगितलेलं वंगण. काही लहान इंजिनांत लायनर नसून ब्लॉकमध्येच बोअर असतो, त्यांना हा भाग लागू नाही.

पिस्टन पाहू. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ९० मिलिमीटरचा पिस्टन नेहमीपेक्षा १०० अंश अधिक तापला तर त्याचा व्यास ०.२ मिलिमीटरच्या आसपास वाढतो, आणि लायनरमध्ये त्याला मिळालेली मोकळीक बहुधा त्याच्या निम्मी असते. म्हणून इंजिन दम टाकत थांबलं. अशा वेळी पिस्टनवर पिनच्या दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत, उभे ओरखडे उमटतात. तेल कमी पडून जॅम झालेला पिस्टन वेगळा दिसतो, त्याची खरचटलेली जागा जास्त करून एका बाजूला आणि लांबभर असते. लायनरच्या भिंतीवर नख आडवं फिरवा. नख अडकत असेल तर लायनर गेला. नुसता ॲल्युमिनियमचा चकाकता पट्टा असेल आणि नख अडकत नसेल तर तो साफ होऊ शकतो.

रिंगांचं मात्र डोळ्यांनी ठरवू नका. अति तापलेली रिंग दिसायला नवी राहते पण तिचा ताण गेलेला असतो. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून टोकांतलं अंतर फीलरने मोजा. या आकाराच्या बोअरला नव्या रिंगचं अंतर ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या घरात असतं. त्याहून बरंच जास्त आलं तर रिंग किंवा बोअर झिजलाय. पण अंतर बरोबर आलं तरी इतकं तापलेल्या इंजिनात, पिस्टन बाहेर काढलाच असेल, तर जुन्या रिंगा परत घालण्यात काटकसर नाही.

हे आकडे मी ढोबळ देतोय. तुमच्या मॉडेलचे नेमके आकडे शोधायला दुकानदाराकडेच जायला हवं असं नाही. सीहोर जिल्ह्यात नर्मदाकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथल्या चाचणी अहवालात इंजिन उघडून घेतलेली मापं असतात: बोअर, पिस्टनची मोकळीक, रिंगचं अंतर, आणि शेजारच्या रकान्यात कंपनीने दिलेली बाद करायची मर्यादा. चाचणीत कूलंट जास्तीत जास्त किती तापलं तेही लिहिलेलं असतं. तो अहवाल मिस्त्रीच्या हातात द्या. मग ‘झिजलंय हो साहेब’ आणि ‘अजून दोन वर्षं जाईल’ यांच्यातला वाद राहत नाही.

हाफ की फुल हे आता ठरवता येईल. हेड, ब्लॉक, लायनरची उंची बरोबर, पिस्टन स्वच्छ, हवेच्या चाचणीत रिंगा ठीक: तर फेस, गॅस्केट, व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून जागेवर नीट बसवणं) एवढंच. चार कोपऱ्यांचे ओरखडे किंवा लायनरला नख अडकतंय: हाफ इंजिन, म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, आणि जोडीला रॉडच्या बेअरिंगचे तुकडे. क्रँकला हात लावायचा तो तेलात पाणी निघालं असेल तर मेन बेअरिंगचा एक कप उघडून पाहिल्यावर. कप राखाडी, एकसारखा असेल तर बंद करा. तांबूस धातू दिसत असेल किंवा जर्नलला रेघा असतील, तर दुसऱ्या मिस्त्रीचं खरं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हाफच्या पुढे जायची वेळ येईल असं वाटत नाही.

बसवताना दोन-तीन ठिकाणी चूक होते. ब्लॉकमधल्या स्टडच्या बंद भोकांत तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड आवळला तर तेवढ्या दाबाने ब्लॉक फुटतो. हवा मारून ती कोरडी करा. ताणलेले स्टड, ज्यांच्या आट्या मध्येच बारीक झाल्यात, ते बदला. गॅस्केटवर वरची बाजू लिहिलेली असते, ती बघा, आणि पुस्तकात सांगितलेलं नसेल तर त्याला सिलिकॉन, ग्रीस, रंग काहीही फासू नका. फेस मारला असेल तर पिस्टन आणि हेडमधली जागा तपासा: सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या डोक्यावर, पिनच्या रेषेत, ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवा, जुनं गॅस्केट नव्हे तर नवंच घालून हेड आवळा, इंजिन हाताने एकदा वरच्या बिंदूतून काढा, हेड उघडून चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा. पुस्तकापेक्षा कमी भरली तर जाड गॅस्केट लागेल. या चाचणीत नवं गॅस्केट दबून वाया जातं, म्हणून दोन आणा. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने. मिस्त्रीकडे टॉर्क पाना नसेल आणि ‘हाताला कळतं’ म्हणत असेल, तर एक दिवसापुरता भाड्याने आणा, पण हाताच्या अंदाजावर सोडू नका. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची मोकळीक, लावायची. पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क द्यायचा की नाही हे गॅस्केटवर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला द्यावा लागतो आणि मग टॅपेट परत बघावे लागतात, पोलादी थरांच्या गॅस्केटला देत नाहीत.

पाण्याबद्दल. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी बेसाल्टमधून येतं, त्यात क्षार भरपूर. प्रत्येक वेळी कमी झालेलं पाणी बोअरने भरलं की चुन्याचा नवा थर लायनरच्या बाहेर बसतो, आणि चुना उष्णता अडवतो. लायनर काढलेच तर ब्लॉकमधली जागा खरवडून धुवून घ्या. रेडिएटर वेगळा काढून लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्याने, लिटरला साधारण ५० ग्रॅम, अर्धा-पाऊण तास भिजवा, मग सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुवा. हे इंजिन उघडायच्या आधी ट्रॅक्टरमध्येच करू नका, फुटक्या गॅस्केटमधून आम्ल तेलात जाईल. संडास साफ करायचं ॲसिड तर कधीच नाही, पत्रा खातं. भरताना तयार कूलंट, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं. बॅटरीत घालतो ते पाणी चालतं. कूलंट इथे बर्फासाठी नव्हे, गंज रोखायला आणि उकळबिंदू वर न्यायला हवं. वरचा होज दाबत, हवा काढत सावकाश भरा.

तेलात पाणी होतं तर आधी स्वस्तातलं तेल घालून, नव्या फिल्टरसह, बिनभाराने थोडा वेळ चालवून ते काढा, मग नेहमीचं तेल. रिंगा नव्या असतील तर तासन् तास आयडलवर ठेवून ‘बसवण्याची’ पद्धत चुकीची आहे. बिनभाराने रिंगा लायनरवर दाबल्या जात नाहीत आणि लायनर चकचकीत होतो, मग तेल कायम जळतं. पंधरा मिनिटं गरम करा, गळती बघा, आणि हलक्या कामाला लावा: ट्रॉली, वखर, पाण्याचा पंप. पहिले २५-३० तास निम्म्या भारावर. ५० तासांनी तेल आणि फिल्टर बदला, आणि त्या तेलाचा थेंब परत तापलेल्या पत्र्यावर टाकून बघा.

आणि पाच फुटी रोटाव्हेटर. २२ एचपीला तो मोठा आहे, विशेषतः सोयाबीननंतर कडक झालेल्या काळ्या रानात. चार फुटी घ्या, किंवा आहे तोच वापरायचा असेल तर आधी एक पाळी कल्टिव्हेटरची मारून खोली कमी ठेवा. काकांना सांगा की काटा चढायला लागला आणि पाणी आत असेल तर इंजिन झटकन बंद करू नये. भार काढायचा, अर्ध्या रेसवर पंखा चालू ठेवायचा, काटा उतरू द्यायचा. पाणी उडालंच असेल तर मात्र तिथल्या तिथे बंद, आणि होज हाताला कोमट लागेपर्यंत झाकणाला हात नाही.